शेगडीतील निखारे आणि बंद दार

प्रश्न : थंडीत पऱ्हाटीचे निखारे शेगडीत घेऊन, दारे लावून आम्ही निजतो. धूर तर नसतो. मग अपाय कसला?
— एक वाचक, देऊळघाट (जि. बुलढाणा)

उत्तर : धूर दिसत नाही म्हणून हवा शुद्ध आहे, हा समज सर्वथा त्याज्य होय, कारण धुमसत्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वर्णहीन व गंधहीन असून, रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या २००हून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो आणि निद्रिस्त मनुष्यास, धोक्याची वर्दी पोचण्यापूर्वीच, मूर्च्छित करतो. सबब निजण्यापूर्वी शेगडी अंगणात ठेवावी. आणि डोके जड होणे, मळमळणे ही लक्षणे घरातील अनेकांना एकदम जाणवल्यास, सर्वांनी तत्काळ बाहेर पडून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.