क्षमेचा दरवाजा

वारीला निघालेल्या प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येते : पाय मध्येच थकले तर चाललेल्या वाटेचे काय? दुखणे काही मुक्काम पाहून येत नाही. दिंडीतून गाडीत बसवून घरी पाठवलेला म्हातारा वारकरी दुखण्यासाठी रडत नाही. ‘माझी वारी चुकली’ म्हणून रडतो. हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. दूर स्पेन देशात ख्रिस्ती यात्रेकरूंनाही तो पडला, आणि तेथल्या एका गावात त्याचे उत्तर दगडात बांधलेले आजही उभे आहे. या पाठात त्या गावी जाऊन यावयाचे आहे.

प्रथम वाट समजून घेऊ. येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी याकोब हा एक. स्पॅनिश लोक त्याला ‘सांतियागो’ म्हणतात. त्याची समाधी स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात नवव्या शतकात सापडली अशी तेथील श्रद्धा आहे. तेव्हापासून सांतियागो दे कोंपोस्तेला या क्षेत्राकडे लोक पायी जातात. वाटा अनेक आहेत. त्यांतली सर्वांत गजबजलेली वाट फ्रान्सच्या सरहद्दीवरून निघते आणि सुमारे ७८० किलोमीटर चालते. हातात काठी, पाठीवर पडशी आणि खूण म्हणून समुद्रातला शिंपला. आपल्याकडे तुळशीची माळ पाहिली की माणूस ओळखू येतो, तसा तेथे शिंपल्यावरून ओळखावा.

या वाटेवर शेवटचे सुमारे १९० किलोमीटर उरले असता विल्याफ्रांका देल बिएर्थो हे गाव लागते. दोन नद्यांच्या संगमावर, डोंगरांच्या कुशीत वसलेले लहानसे गाव. ‘विल्याफ्रांका’ म्हणजे फ्रँक लोकांची वस्ती. अकराव्या शतकात यात्रेच्या निमित्ताने फ्रान्सकडून आलेली मंडळी येथे राहिली, क्लूनी मठाचे साधू आले, आणि गाव वाढले. बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या ग्रंथात यात्रेकरूंसाठी वाटेची माहिती दिली आहे. तीत हे गाव मुक्काम म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे वाट यात्रेकरूने पाडली आणि गाव वाटेने वसवले.

गावात शिरताना आधी भेटते ते संत याकोबाचेच चर्च. बाराव्या शतकाच्या अखेरचे हे बांधकाम. या पद्धतीला रोमनेस्क म्हणतात. भिंती जाडजूड, खिडक्या लहान, आत गारवा आणि मंद उजेड. वेदीच्या मागची भिंत अर्धगोल. आपल्या हेमाडपंती देवळाच्या सभामंडपात उन्हातून शिरल्यावर डोळे क्षणभर काही पाहू शकत नाहीत, तसेच येथेही होत असेल. गावातल्या सान फ्रान्सिस्को या चर्चचा दरवाजाही याच पद्धतीचा आहे. पण आपल्याला थांबावयाचे आहे ते याकोबाच्या चर्चच्या उत्तरेकडील दारापाशी. त्याचे नाव ‘पुएर्ता देल पेर्दोन’, म्हणजे क्षमेचा दरवाजा.

एकात एक बसवलेल्या दगडी कमानी, खाली खांब, खांबांच्या माथ्यांवर कोरीव काम. त्यात बाळ येशूच्या दर्शनाला दुरून आलेल्या राजांची कथा कोरली आहे. थकून आलेल्या यात्रेकरूला दारातच दिसावे की, आपल्याआधीही कोणी लांबची वाट चालून आले होते.

आता या दाराचे महत्त्व पाहा. गाव सोडले की पुढे चढण लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवरून ओ सेब्रेइरोच्या सुमारे १३०० मीटर उंचीपर्यंत जावयाचे. हिवाळ्यात बर्फ, पूर्वी औषधपाण्याचीही वानवा. शेकडो कोस चालून आलेला माणूस येथे तापाने पडला तर पुढे नेणे शक्य नसे आणि मागे नेणेही शक्य नसे. अशांसाठी चर्चने सवलत दिली : जो खरोखर आजारी आहे, त्याने या दारापर्यंत यावे, मनापासून पापांची कबुली द्यावी, सांतियागोला पोहोचून मिळणारी पापदंडाची माफी त्याला येथेच मिळेल. त्यात ‘तुला अर्धी’ असे नव्हते बरं का! पोहोचलेल्याला जे मिळे, तेच न पोहोचलेल्याला मिळे. पण आळशाला ही सवलत नव्हती, हेही ध्यानात ठेवावे.

हल्ली हे दार नेहमी उघडे नसते. २५ जुलै हा याकोबाचा सण रविवारी आला की ते पवित्र वर्ष धरतात आणि त्या वर्षी दार उघडतात. २०२१ हे असे वर्ष होते. महामारीमुळे ते २०२२ पर्यंत वाढवले गेले. पुढचे २०२७.

आज सांतियागोला यात्रेचे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी निदान १०० किलोमीटर पायी चालून तेथे पोहोचावे लागते. २०२४ साली सुमारे पाच लाख जणांनी पोहोचल्याची नोंद केली. नियम म्हणून हे ठीकच. कागदाला मोजमाप हवे. पण सरहद्दीपासून जवळजवळ ६०० किलोमीटर चालून विल्याफ्रांकात अंथरुणाला खिळलेला माणूस या मोजणीत बसत नाही. जुन्या दाराने मात्र त्याला मोजले होते.

आणखी एक गोष्ट. पुढे ओ सेब्रेइरोला एलियास वालिन्या नावाचे धर्मगुरू होते. वाट ओस पडत चालली होती, लोक चुकत होते. १९८४ साली त्यांनी पिवळ्या रंगाने वाटेवर बाण काढावयास सुरुवात केली. आज त्याच बाणांच्या आधाराने लोक चालतात. कोणी दार बांधले, कोणी बाण काढले. दोघांनीही विचार केला तो मागून येणाऱ्याचा.

त्यांचा धर्मविचार वेगळा, आपला वेगळा. दोन्हींची मिसळ करण्याचे कारण नाही. पण थकलेल्या माणसाविषयीची कळकळ कोठूनही शिकावी. पुढच्या वारीत दिंडीतला कोणी वाटेत बसला, तर त्याला ‘तुझी वारी चुकली’ असे म्हणू नका. घोटभर पाणी द्या, जवळ बसून नाम घ्या, आणि क्षेत्री पोहोचल्यावर त्याच्या नावाने एक वेळ हात जोडा. तो निघाला होता, हे विसरू नये.

रामकृष्ण हरि.