अष्टाक्षरी : वाचन, मोजणी आणि लेखन

मराठी पद्यरचनेचे अक्षरगणवृत्त, मात्रावृत्त (जाती) आणि छंद हे तीन प्रकार आपण मागील घटकात पाहिले. छंदात लघु-गुरूचा विचार नसतो. अक्षरांची संख्या तेवढी पाळली जाते. या भागात प्रत्येक चरणात आठ अक्षरे असणाऱ्या अष्टाक्षरीचा अभ्यास करावयाचा आहे.

त्यासाठी ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह शेजारी ठेवा. जळगावजवळच्या आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या रचना करीत. पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही टिपून ठेवल्या आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. टिपणाऱ्यांच्या हाती येईपर्यंत ही गाणी केवळ स्मरणात होती. लयीच्या ठरावीक मापाशिवाय ती इतकी टिकती ना. म्हणून छंद हा कवितेला वरून चढवलेला दागिना मानणे मला पटत नाही. अनेक प्रौढ विद्यार्थी ‘आम्हाला छंद कुठला जमायला’ असे म्हणतात. त्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.

संग्रहातील कोणतेही एक गाणे मोठ्याने वाचा आणि बोटांवर अक्षरे मोजा. जोडाक्षर एकच धरावे. शब्दाच्या शेवटचे अक्षर बोलताना अर्धे उच्चारले, तरी मोजताना पूर्ण धरावे. क्वचित एखादे अक्षर कमी-अधिक आढळेल. गाताना स्वर लांबवून किंवा आखडून ते सामावते.

आता लेखन. रावेर परिसरातील विद्यार्थ्यांच्या नित्य पाहण्यातील केळीची बाग घेऊ. ‘केळीच्या बागेत सकाळी पाणी सोडले’ या वाक्यात चौदा अक्षरे आहेत. माहिती आहे, लय नाही. तेच असे मांडता येईल :

पहाटेच्या गारव्यात
पाणी सोडले केळीला
घड वाकला भाराने
आधाराचा बांबू दिला

चारही चरणांत आठ अक्षरे भरतात. दुसऱ्या व चौथ्या चरणांच्या अखेरीस यमक आहे. ‘केळीला–शेताला’ असे दोन्हीकडे विभक्तिप्रत्ययाचे यमक स्वस्तात मिळते, पण ते कानाला लवकर कंटाळवाणे होते. येथे एक ‘ला’ प्रत्ययाचा, दुसरा क्रियापदाचा आहे आणि आधीचा स्वरही जुळतो.

या ओळींत अलंकार मात्र नाही. तिसऱ्या-चौथ्या चरणांऐवजी असे लिहून पाहू :

लेकुरवाळीच्या परी
वाके केळ भरलेली

केळ हे उपमेय, लेकुरवाळी हे उपमान, वाकणे हा साधारणधर्म, ‘परी’ हा साम्यवाचक शब्द. म्हणून ही उपमा. ‘केळ जणू लेकुरवाळीच’ म्हटले तर उत्प्रेक्षा. ‘केळ नव्हे, लेकुरवाळी’ म्हटले तर अपन्हुती. नावे पाठ करण्यापेक्षा उपमान शेतात खरे उतरते का, हे पाहणे अधिक मोलाचे. केळीचा खांब एकदाच घड देतो, नंतर तो कापला जातो आणि बुंध्याशी फुटलेल्या पिलावर पिलबाग धरली जाते. त्यामुळे ‘लेकुरवाळी’ हा शब्द केवळ वाकण्यापुरता राहत नाही, तो पिलांपर्यंत पोहोचतो. यमक मात्र आता सुटले आहे.

स्वयं-अध्ययन : वरील दोन चरणांना पुढे दोन चरण जोडून कडवे पूर्ण करा. त्यात कापणीनंतरचा खांब यावा, यमक प्रत्ययाचे नसावे. लिहिलेले कडवे घरातील कुणाला एकदाच ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना किती आठवते ते वहीत नोंदवा.