पेशींचा राखणदार : जी-६-पीडी जनुकाची ओळख



आपल्या घोडेगावात कांद्याच्या लिलावाचा आणि पुढे ऊसतोडीचा हंगाम आला की कामासाठी कुटुंबे लांबून येतात. त्यांत आदिवासी कुटुंबेही असतात. समजा, अशा घरातल्या एका मुलाला हिवताप झाला. गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला. पण तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे पडले, मूल गळून गेले. कोणी म्हणेल औषध बाधले, कोणी म्हणेल कावीळ उतरवून घ्या, कोणी करणीचे नाव घेईल. खरे कारण मात्र त्या मुलाच्या रक्तात जन्मापासून असू शकते. सेवाकार्याला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे, म्हणून हा पाठ.

१. हे जनुक काय करते?

चिरलेले वांगे उघडे ठेवले की काळे पडते. नांगराचा फाळ पावसात राहिला की गंजतो. दोन्हीमागे ऑक्सिजनची क्रिया आहे. आपल्या पेशींतही अशी क्रिया सतत चालू असते आणि तिच्यापासून पेशीला जपावे लागते. हे काम ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ करतो. घातक कण निकामी करताना तो स्वतः खर्ची पडतो. त्याला पुन्हा कामाजोगे करण्यासाठी जी बळकटी लागते, ती जी-६-पीडी या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, मिळते. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे त्याचे पूर्ण नाव.

शरीरातील इतर पेशींना ही बळकटी मिळवण्याच्या आणखी वाटा आहेत. तांबड्या रक्तपेशीला मात्र हीच एक वाट. शिवाय तिच्यात केंद्रक नसल्याने तिला नवे विकर तयार करता येत नाही. सुमारे १२० दिवसांचे आयुष्य तिने जन्मताना मिळालेल्या शिदोरीवर काढायचे असते. ही शिदोरी मुळातच कमी असेल, तर एरवी काही जाणवत नाही. पण विशिष्ट औषध किंवा जंतुसंसर्गाचा ताण आला की जुन्या पेशी भराभर फुटतात. त्यातूनच कावीळ, काळपट लघवी, धाप आणि रक्तक्षय.

२. शोध कसा लागला?

प्रायमाक्वीन हे हिवतापाचे औषध घेतल्यावर काही जणांचेच रक्त का फुटते, याचे उत्तर १९५६ साली शिकागोच्या संशोधकांनी दिले : त्यांच्या तांबड्या पेशींत हे विकर कमी होते. त्या काळचे बरेच प्रयोग तुरुंगातल्या कैद्यांवर झाले होते, हेही विसरू नये.

महाराष्ट्राचे नावही या इतिहासात आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात या विकराचा एक वेगळा प्रकार आढळला आणि त्याला ‘जी-६-पीडी कल्याण’ असे नाव मिळाले. पुढे केरळमध्ये सापडलेला प्रकार आणि हा प्रकार एकच असल्याचे जनुकाच्या तपासणीतून कळले. ‘ओरिसा’ नावाचा आणखी एक प्रकार भारतातील आदिवासींमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसतो. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था या विषयावर काम करत आली आहे.

जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ही कमतरता असावी, असा अंदाज आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे ती जास्त दिसते, कारण तिने हिवतापापासून काहीसे संरक्षण दिले. म्हणजे हा कोणत्याही जमातीला लागलेला डाग नव्हे. जंगलात तग धरून राहिलेल्या पूर्वजांचा तो वारसा आहे.

३. आईला दोष नको

हे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असते. मुलाला एकच एक्स मिळते, तेही आईकडून. म्हणून त्रास मुलग्यांत जास्त दिसतो. आईच्या दोनपैकी एका एक्सवर कमतरता असेल, तर प्रत्येक मुलग्यात ती उतरण्याची शक्यता निम्मी. कमतरता असलेला बाप ती आपल्या सर्व मुलींना देतो, मुलग्यांना नाही. यात कोणाचेही पाप किंवा चूक नाही. “तुझ्यामुळे झाले” असे सुनेला ऐकवणाऱ्या घरात हे शांतपणे सांगणे, हीसुद्धा सेवाच.

४. कोणती काळजी घ्यावी?

• व्हायवॅक्स हिवतापात यकृतात दडलेले जंतू मारण्यासाठी प्रायमाक्वीन १४ दिवस देतात. ते आवश्यक औषध आहे. भीतीने टाळू नये. कमतरता असल्यास डॉक्टर वेगळ्या पद्धतीने, देखरेखीखाली देऊ शकतात.
• कुष्ठरोगावरील उपचारातील डॅप्सोन या औषधाबाबतही हीच दक्षता हवी.
• लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.
• बाळाच्या कपड्यांत डांबर गोळ्या ठेवू नयेत. नवजात बाळाची कावीळ वाढत असेल तर अंगारा-धुपारा करत बसू नये; उशीर झाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते.
• बाकला या शेंगेच्या दाण्यांनीही त्रास होतो. बाकला म्हणजे आपला वाल किंवा पावटा नव्हे.
• सिकलसेलची तपासणी झाली म्हणजे ही तपासणी झाली असे नाही. दोन्ही जनुके वेगळी.
• ऐन त्रासात केलेली तपासणी फसवू शकते, कारण कमी विकराच्या जुन्या पेशी तेव्हा फुटून गेलेल्या असतात. सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी.

कमतरता आढळलेल्या व्यक्तीजवळ तशी चिठ्ठी कायम असावी. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचा दवाखाना दर हंगामात बदलतो. ती चिठ्ठी मात्र सोबत जाते. कपडे, धान्य, वह्या आपण आनंदाने देतो. त्यांच्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली अशी एक चिठ्ठीही एखाद्याचा जीव वाचवू शकते.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. तांबड्या पेशीला हे विकर नव्याने का बनवता येत नाही?
२. औषध ‘बाधले’ असे सांगणाऱ्या कुटुंबाला आपण कोणते प्रश्न विचारू?
३. आपण वाटतो त्या कपड्यांत डांबर गोळ्या असतात का? आजच पाहा.