नियम आहेत, तरी भाकीत कां चुकतें?

मृग लागला म्हणजे शिरवळ पंचक्रोशींतील पालक आम्हांस हटकून विचारतात : "गुरुजी, ग्रहणाची वेळ पंचांगांत वर्षभर आधीं छापून येते, मग पाऊस कोणत्या दिवशीं पडेल हें वेधशाळेस कां सांगतां येऊं नये?" प्रश्न रास्त आहे. बियाणें आज मातींत टाकावें कीं आठ दिवस थांबावें, यावर घरचें सारें वर्ष अवलंबून असतें. याचें उत्तर, बालमित्रांनो, आपण एका लहानशा गणितानें शोधूं.

०.१ ही संख्या घ्या व तिची दुप्पट करा. उत्तर एकाहून मोठें झाल्यास पूर्णांक टाकून द्या, उरलेल्या अपूर्णांकाची पुन्हा दुप्पट करा, आणि असेंच पुढें चालवा. मग हेंच ०.१०१ घेऊन करा. चौथ्या वेळीं उत्तरें ०.६ व ०.६१६ येतात, अंतर थोडेंच आहे. नवव्या वेळीं मात्र एक ०.२, तर दुसरें ०.७१२! नियम एकच, चूक कोठेंही नाहीं. परंतु आरंभींचा एक सहस्रांश फरक नऊ पावलांत ५१२ पट झाला.

लॉरेन्झ नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञास १९६१ सालीं हाच अनुभव आला. संगणकावर हवामानाचें गणित पुन्हा चालवितांना त्यानें ०.५०६१२७ ऐवजीं ०.५०६ एवढेंच लिहिलें. थोड्याच अवकाशांत दोन्ही उत्तरांचा एकमेकांशीं कांहीं संबंध उरला नाहीं. १९६३ सालीं त्यानें यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांतून वाढलेल्या विद्येस 'केऑसचा सिद्धांत' म्हणतात. ग्रहगोलांच्या गतींतही असा फरक वाढतो, पण तो जाणवण्यास कोट्यवधि वर्षें लागतात. हवेंत दोन आठवडे पुरतात. म्हणून ग्रहण सांगतां येतें, महिन्यानंतरची सर सांगतां येत नाहीं.

मग वेधशाळा व्यर्थ आहे काय? मुळींच नाहीं. १८८६ सालीं ब्लॅनफर्ड साहेबांनीं हिमालयांतील बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज वर्तविण्यास आरंभ केला. पुढें चार्नी व शुक्ल या शास्त्रज्ञांनीं १९८१ सालीं दाखविलें कीं, एकेका दिवसाचा पाऊस हातीं लागला नाहीं, तरी सबंध मोसमाचें मान समुद्राच्या उष्णतेसारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर बरेंचसें अवलंबून असतें. तथापि तोही अंदाजच होय. २००२ सालीं साधारण सरासरीइतका पाऊस अपेक्षिला होता. पडला सरासरीच्या ८१ टक्केच.

यास्तव पालकांस आमची विनंति अशी कीं, उद्यां-परवांच्या अंदाजावर अधिक, पुढील आठवड्याच्या अंदाजावर त्याहून कमी भिस्त ठेवावी, आणि सर्व बियाणें एकाच भाकितावर पेरूं नये. परमेश्वरानें सृष्टीस नियम घालून दिले आहेत, यांत शंका नाहीं. आरंभींची प्रत्येक गोष्ट अचूक मोजण्याचें सामर्थ्य मात्र मनुष्यास नाहीं. विद्यार्थ्यांनो, म्हणूनच तुम्ही शाळेच्या पर्जन्यमापकावरील आंकडा वहींत उतरवाल तेव्हां शेवटचा दशांशही गाळूं नका.