कोणाच्या हाती कोणतं पुस्तक

कळमेश्वर तालुक्यातल्या प्राथमिक शाळेच्या मुलांना वाचायला पुस्तकं सुचवायची असतील, तर यादी सगळ्यात शेवटी करा. तयार याद्या भरपूर मिळतात आणि त्यांतली पुस्तकं चांगलीही असतात. पण त्या याद्यांना संत्र्याच्या बगीच्यात राहणारी रखवालदाराची मुलगी माहीत नसते. एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या, बिहारहून आलेल्या बापाचा मुलगाही माहीत नसतो. पुस्तक या दोघांच्या हातात पडायचं आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करायची. ही कृती शिक्षकांना जमेल, पालकांना जमेल, वाचनालय चालवणाऱ्यालाही जमेल.

लागणारं साहित्य थोडं आहे: एक दोनशेपानी वही, सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे, पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, फाटकी पुस्तकं शिवायला दाभण आणि जाड दोरा. शिवाय रोजचा अर्धा तास, जो कोणत्याही कारणानं मोडायचा नाही.

१. मुलांची वही

प्रत्येक मुलाला वहीचं एक पान द्या. घरात कोणती बोली चालते, घरात वाचता येणारं कोण आहे, शाळा सुटल्यावर मूल काय करतं, एवढं त्यावर लिहा. ‘तुला काय वाचायला आवडतं?’ हा प्रश्न इथे विचारू नका. ज्याला आजवर निवडायला मिळालंच नाही, ते मूल ‘गोष्टीचं’ म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा ‘तुला काय काय करता येतं?’ असं विचारा. बकऱ्या चारता येतात, सायकलची चेन बसवता येते, संत्री निवडता येतात, लहान भावाला निजवता येतं, अशी उत्तरं येतील आणि पुस्तकं त्यांतूनच सुचतील. चेन बसवणाऱ्या मुलाला अरविंद गुप्तांची टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायची पुस्तकं द्यावीत. भावाला निजवणाऱ्या मुलीला माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच द्यावा. त्यात घरातलीच माणसं आहेत आणि ती तिच्या ओळखीची आहेत.

२. एकेकाचं वाचन ऐकणं

मुलाला वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नका. व्हरांड्यात, झाडाखाली, शेजारी बसून एक पान ऐका. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलानं मिनिटाला निदान साठ शब्द वाचावेत असं लक्ष्य आहे. ते असू द्या, पण पुस्तक सुचवण्यासाठी वेग मोजायची गरज नाही. मूल वाक्य संपताना थांबतं का, गमतीच्या जागी हसतं का, चित्राकडे पाहून पुढचं ओळखतं का, ते बघा. त्यावरून मुलांचे तीन गट पडतात: चित्रावरून वाचणारी, शब्द जोडत वाचणारी आणि सलग वाचणारी. हे गट इयत्तेप्रमाणे पडत नाहीत. पाचवीतलं मूल पहिल्या गटात सापडलं तर त्याला ‘हे तर पहिलीचं आहे’ असं दिसणारं पुस्तक कधीही देऊ नका. त्याला अपमान कळतो आणि मग ते पुस्तकांच्या जवळपास फिरकत नाही. त्याला विषय मोठ्यांचा, मजकूर थोडा आणि चित्रं भरपूर असलेलं पुस्तक हवं.

मुलानं स्वतः पारख करावी म्हणून एक सोपी युक्ती शिकवा. मधलं कोणतंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत मूठ बंद झाली तर ते पुस्तक सध्या कोणाकडून तरी ऐकायचं, स्वतः वाचायला दुसरं घ्यायचं. मराठीत मुलं बहुतेक वेळा जोडाक्षरांवर आणि रफारावर अडखळतात. म्हणून पहिली-दुसरीसाठी पुस्तक निवडताना जोडाक्षरं किती आहेत तेही पाहा, आणि एकच शब्द दोन ओळींत तोडलेला नाही ना, तेही.

३. कपाट रिकामं करणं

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे पुस्तकं बहुतेक शाळांत असतात, पण कुलूपबंद. हरवली तर तपासणीत काय दाखवायचं, ही मुख्याध्यापकांची भीती खरी आहे. ती आधी दूर करा: फाटलेल्या, जीर्ण पुस्तकांचं रीतसर निर्लेखन होतं, वापरानं झिजलेल्या पुस्तकाबद्दल कोणी फाशी देत नाही. मग सगळी पुस्तकं सतरंजीवर काढा आणि ढीग लावा. एक ढीग मुलांनी स्वतः वाचायचा, दुसरा मोठ्यांनी वाचून दाखवायचा, तिसरा शिवायचा. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं आणि पानभर उपदेश असलेल्या पुस्तिका चौथ्या ढिगात टाका. हा ढीग बहुधा सगळ्यात उंच होतो.

४. स्वतः वाचणं, तेही मोठ्यानं

सगळी मेहनत इथे आहे आणि टाळलीही हीच पायरी जाते. जे पुस्तक तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचलेलं नाही, ते सुचवू नका. मनात वाचताना जे खपून जातं ते तोंडानं वाचताना खपत नाही. वाक्य लांबलं की श्वास तुटतो, संवाद खोटा असला की जिभेला कळतो. पहिल्या दोन पानांत काही घडतं का, चित्रातलं घर, कपडे, झाडं ओळखीची आहेत की कुठलीच नाहीत, मुली गोष्टीत काही करतात की नुसत्या पाहत उभ्या असतात, काळा रंग किंवा गरिबी चेष्टेसाठी वापरली आहे का, हे तपासा. आणि शेवटचं पान दोनदा वाचा. गोष्ट संपल्यावर ‘म्हणून मुलांनो’ सुरू होत असेल तर ते पुस्तक खाली ठेवा. मुलांना गोष्टीतलं शहाणपण आपलं आपल्याला सापडायला हवं असतं. ते कोणी हातात कोंबलं की गोष्ट मरते.

बोलीबद्दल इथेच बोलायला हवं. आपल्याकडची मुलं ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणत वाढतात आणि पुस्तकात येतं ‘मला’, ‘तुला’, ‘का’. काही घरांत हिंदी चालते. पुस्तक छापलंय तसंच वाचावं, त्यातले शब्द बदलू नयेत, कारण मुलांना ती मराठीही हवीच आहे. पण वाचून झाल्यावरच्या गप्पा मुलांच्या बोलीत होऊ द्याव्यात. ‘बाई, त्यानं काहून असं केलं?’ असं मूल विचारतं तेव्हा तिथे व्याकरण दुरुस्त करायचं नाही, प्रश्नाचं उत्तर द्यायचं. हिंदी बोलणाऱ्या मुलांसाठी भोपाळच्या ‘एकलव्य’चं ‘चकमक’ हे मासिक जरूर मागवा. १९८५ पासून निघणारं हे मासिक मुलांशी बरोबरीच्या नात्यानं बोलतं. मुलाला आधी स्वतःच्या भाषेत वाचनाची गोडी लागली की मराठी पुस्तक त्याला परकं वाटत नाही.

५. आता यादी

चित्रावरून वाचणाऱ्यांसाठी माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ हातात द्या. त्यातल्या एकेका चित्रावर मुलं तासभर बोलू शकतात. ‘प्रथम बुक्स’ची पुस्तकं सोप्याकडून अवघडाकडे अशा पातळ्यांत विभागलेली आहेत आणि २०१५ पासून त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं स्वस्त आहेत आणि चित्रं उत्तम.

शब्द जोडत वाचणाऱ्यांना ‘यश’ मालिका द्या. यश हा साधा मुलगा आहे, त्याला राग येतो, कंटाळा येतो, आणि त्याबद्दल कोणी त्याला शिक्षा करत नाही. याच गटात विंदा करंदीकरांच्या बालकविता. ‘राणीची बाग’ १९६१ सालचं आहे, बाग मुंबईची आहे, पण नागपूरची महाराजबाग पाहून आलेल्या मुलांना तिथले प्राणी समजावून सांगावे लागत नाहीत. कविता मात्र वाचायला देऊ नका, आधी म्हणून दाखवा. ऐकलेली कविता मूल पुस्तकात शोधायला जातं, आणि पाठ असलेले शब्द छापलेले दिसले की वाचन आपोआप सुटतं.

सलग वाचणाऱ्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही पळतो. तो फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात गेलेला. गावाकडून शहरात आलेला हा पोरगा आपल्या मुलांना पटकन आपला वाटतो. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ त्याच्या शेजारी ठेवा. सुधा मूर्तींच्या ‘आजीच्या पोतडीतल्या गोष्टी’ तिसरी-चौथीतल्या मुली एकमेकींना वाचून दाखवतात. ‘वाचू आनंदे’च्या बाल गटाचे भाग कपाटात असायलाच हवेत, कारण त्यांतून एकेका लेखकाची चव लागते आणि पुढचं पुस्तक मूल स्वतः मागतं.

वाचून दाखवायचा ढीग वेगळा. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ते दुसरीतल्या मुलाला बक्षीस म्हणून दिलं जातं आणि न वाचता फळीवर पडून राहतं. भाषा नव्वद वर्षांपूर्वीची, घर कोकणातलं. चौथी-पाचवीला रोज एक रात्र वाचून दाखवा, बेचाळीस रात्री आहेत, मुलं पुढची मागतात. तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख यांनी मराठीत आणलं आहे. त्यातली शाळा आगगाडीच्या डब्यांत भरते. कळमेश्वरच्या रेल्वे स्थानकातून गाड्या जाताना रोज पाहणाऱ्या मुलांना ही कल्पनाच वेड लावते. मारुती चितमपल्लींच्या ‘रानवाटा’तले निवडक उतारे पाचवीला वाचून दाखवा. त्यातलं जंगल आपल्या विदर्भातलं आहे, आणि आपला मुलूख छापील पुस्तकात येतो हे मुलांना कळायलाच हवं.

मासिकं विसरू नका. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. अगदी लहानांना ‘चिकूपिकू’, मोठ्यांना ‘वयम्’ आणि साधनाचा बालकुमार दिवाळी अंक.

६. चिठ्ठी लिहिणं

यादी भिंतीवर लावून कोणी वाचत नाही. प्रत्येक पुस्तकात पुठ्ठ्याची एक चिठ्ठी घाला, तीन वाक्यांची. पुस्तकात काय आहे, कोणाला आवडेल आणि कुठपर्यंत वाचून पाहायचं. नमुना: ‘या शाळेत वर्ग म्हणजे रेल्वेचे डबे. ज्याला वर्गात बसवत नाही त्यानं वाचावं. मुख्याध्यापक तोत्तोचानचं बोलणं किती वेळ ऐकून घेतात तिथपर्यंत वाच, नाही आवडलं तर परत कर.’ ‘उत्कृष्ट’, ‘संस्कारक्षम’, ‘ज्ञानवर्धक’ हे शब्द चिठ्ठीत नकोत. त्यांनी आजवर एकाही मुलाला पान उलटायला लावलेलं नाही. महिन्याभरानं चिठ्ठ्या मुलांनाच लिहू द्या, त्यांच्या बोलीत, चुकांसकट. मित्राची शिफारस तुमच्या शिफारशीपेक्षा जोरात चालते.

७. दोरी आणि देवघेव

वर्गात मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर सुतळी बांधा आणि पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी चिमट्यांनी लावा. कण्याकडून ओळखून पुस्तक काढणं हे मोठ्यांचं काम. मूल चित्र पाहून हात घालतं. देवघेवीची नोंद चौथीतल्या मुलांकडे द्या. परत आणलेल्या पुस्तकावर परीक्षा नको, सारांश नको, ‘काय शिकलास?’ तर मुळीच नको. ‘कुठलं पान दाखवशील?’ एवढंच विचारा. सलग तिघांनी अर्ध्यावर परत केलेलं पुस्तक दोरीवरून उतरवा, ते तुम्हाला कितीही प्रिय असलं तरी.

कापूस वेचणीच्या दिवसांत काही मुलं शाळेत कमी येतात. तेव्हा पुस्तक धाकट्या भावंडाच्या दप्तरातून घरी पाठवा.

८. पैसा

समग्र शिक्षा योजनेत शाळांच्या ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यातली लहान रक्कम येते. त्या पाच हजारांत जाड कोश घेऊ नका. पातळ चित्रपुस्तकं घ्या, आणि जी चालतात त्यांच्या दोन प्रती, म्हणजे दोन मैत्रिणींना एकदम वाचता येतील. खरेदीला मुलांपैकी चौघांना सोबत न्या. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकानं लागतात, तेव्हा तिथे जाण्यासारखं दुसरं काही नाही. डोक्यावरच्या गाठोड्यात पुस्तकं बांधून घरी नेणारी माणसं मुलांना तिथे दिसतील. बाबासाहेबांचं मुलांसाठीचं चरित्र तिथेच घ्या, पण तेही आधी चौथ्या पायरीतून जाऊ द्या. नुसत्या पदव्या मोजणारं चरित्र नको. वाचायला जागा आणि दिवा मिळावा म्हणून धडपडणारा मुलगा ज्यात आहे, ते हवं.

९. उन्हाळा

विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडते आणि मेमधल्या दुपारी पंचेचाळीस अंशांत पोरांना बाहेर सोडत नाहीत. वाचायला याहून मोकळा वेळ वर्षभरात नाही, आणि नेमकं तेव्हाच कपाट बंद असतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाला दोन पुस्तकं घरी द्या, एक तुम्ही निवडलेलं, एक त्यानं. गल्लीतल्या मुलांनी आपसांत बदलून घ्यावीत असं सांगा. काही पुस्तकं परत येणार नाहीत. त्यांची नोंद ‘घरी राहिलेली’ अशी करा.

सगळं करूनही एखादं मूल दोरीकडे येतच नाही. त्याला पुस्तक सुचवणं थांबवा आणि पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे द्या. पुस्तक सोपं निवडायची मुभा त्याला आपोआप मिळते, लाजही वाटत नाही. आठवड्यानं वहीतलं त्याचं पान काढा आणि त्यानं कोणतं पुस्तक उचललं ते तिथे लिहून ठेवा.