मोबाइल, वायफाय आणि बँक : दहिसरच्या एका घराचा वर्षाचा हिशेब

चौघांचे चार मोबाइल आणि एक वायफाय, एवढ्यावर आमच्या घरातून वर्षाला २५,२१६ रुपये जात होते. हा आकडा मला ठाऊकच नव्हता, कारण तो एकदम कधी समोर येत नाही. आज माझे ३४९, चार दिवसांनी ह्यांचे ३४९, मग लेकीचे, मग सासूबाईंचे आणि महिन्याच्या सुरुवातीला वायफायवाल्याचे ५८९. एका रविवारी कांदरपाड्यातल्या आमच्या घरी वही घेऊन बसले आणि सगळ्यांच्या फोनमधले वर्षभराचे रिचार्ज उतरवून काढले, तेव्हा कुठे बेरीज झाली. खाली दिलेले मोबाइलचे दर जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे आहेत. रिचार्ज मारण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपवर ते एकदा ताडून घ्या.

तेरा रिचार्जचं वर्ष

आम्ही चौघंही एअरटेलवर होतो, रोज दीड जीबीचा ३४९ रुपयांचा पॅक. तो २८ दिवस चालतो, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. माणशी ४,५३७ रुपये, चौघांचे १८,१४८. महिन्याच्या हिशेबात हा तेरावा रिचार्ज कुणीच धरत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक पॅक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा किमान एक पॅक ठेवायला लावला. असे पॅक आहेत, फक्त अ‍ॅप उघडल्याबरोबर समोर येत नाहीत, खाली जाऊन शोधावे लागतात.

त्याहून मोठा फरक लांब मुदतीच्या पॅकचा. त्याच कंपनीचा तोच रोज दीड जीबीचा पॅक ८४ दिवसांसाठी ८५९ रुपयांना आहे. २८ दिवसांचे तीन घेतले तर १,०४७ होतात. चार वेळा ८५९ आणि एकदा ३४९ भरले की ३६४ दिवस निघतात, ३,७८५ रुपयांत. माणशी ७५२ रुपये वाचले आणि त्यासाठी काहीच सोडावं लागलं नाही. एकदम ८५९ रुपये काढणं जड जाणारी घरं आहेत, हे मला माहीत आहे. त्यांनी निदान घरातल्या एका फोनपासून सुरुवात करावी.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं. त्यांना फोन करायचा असतो, आलेला घ्यायचा असतो आणि पेन्शन जमा झाल्याचा मेसेज बघायचा असतो. घरात असताना व्हॉट्सअ‍ॅप वायफायवर चालतं. तरी वर्षानुवर्षं आम्ही त्यांच्या फोनवर रोज दीड जीबी विकत घेत होतो. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम बदलला. डेटा नको असलेल्यांसाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक ठेवणं कंपन्यांना भाग पडलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता आली. त्यानंतर एअरटेलने ८४ दिवसांचा ४६९ रुपयांना आणि वर्षाचा १,८४९ रुपयांना पॅक आणला. जिओने ८४ दिवसांचा ४४८ ला आणि ३३६ दिवसांचा १,७४८ ला. सासूबाईंच्या ४,५३७ चे १,८४९ झाले. तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर सगळ्यात आधी हे काम करा. एकच काळजी घ्या : या पॅकवर घराबाहेर इंटरनेट चालणार नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा, नाहीतर देवळात बसून त्या फोन बिघडला म्हणून घाबरतील.

मी दिवसभर घरीच असते, म्हणून मी १९९ रुपयांचा, २८ दिवसांचा, थोड्या डेटाचा पॅक घेतला. वर्षाचे २,५८७. हे अंधेरीला जातात आणि लेक कॉलेजला, त्या दोघांचे पॅक ८४ दिवसांचे केले. सगळं मिळून मोबाइलचे १८,१४८ वरून १२,००६ वर आले. वर्षाला ६,१४२ रुपये वाचले.

कंपनी बदलायची असेल तर पोर्टिंगचा खर्च फक्त ६ रुपये ४६ पैसे. इंग्रजी अक्षरांत पोर्ट लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाकायचा आणि १९०० वर पाठवायचा. नुकतंच सिम बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. पोर्ट करण्याआधी नव्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याला घरी बोलवा आणि मधल्या खोलीत, दार लावून फोन लावून पाहा. आमच्याच इमारतीत रस्त्याकडच्या आणि मागच्या घरांत रेंजचा फरक आहे.

वायफायच्या जाहिरातीतला जीएसटी

प्रीपेड मोबाइलच्या किमतीत कर धरलेला असतो, ब्रॉडबँडच्या जाहिरातीत नसतो. ३९९ चे ४७१ होतात, ४९९ चे ५८९, ६९९ चे ८२५. आपल्या इमारतीत कोणाकोणाच्या वायरी आल्या आहेत ते सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. वायर आधीच असेल तर जोडणीचे पैसे माफ करून मागता येतात. केबलवाल्याकडून नेट घेत असाल तर पावती मागा. कनेक्शन बंद करताना राउटर परत दिल्याची पोच घ्या, तोंडी सांगण्यावर राहू नका. मी हे एकदा केलं नाही आणि राउटरच्या पैशांसाठी दोन महिने फोन येत राहिले.

बँक खात्यातून नकळत जाणारे पैसे

इथे रकमा लहान आहेत, पण बऱ्याचशा टाळता येण्यासारख्या आहेत. दहिसर मुंबईत, म्हणजे महानगरात मोडतं. त्यामुळे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीनच व्यवहार फुकट, आणि नुसती शिल्लक पाहिली तरी त्यातला एक संपतो. स्वतःच्या बँकेचे पाच. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत, वर जीएसटी, म्हणजे २७ रुपये १४ पैसे. शिल्लक फोनवर पाहा, एटीएमवर नको.

डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क पासबुकात एका ओळीत येऊन जातं. स्टेट बँकेच्या साध्या कार्डाचं एप्रिल २०२४ पासून २०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २३६. घरात चार-पाच जुनी खाती आणि तेवढीच कार्डं असतील तर हा खर्च हजाराच्या घरात जातो. वापरात नसलेलं कार्ड बंद करायला शाखेत अर्ज द्या.

ऑनलाइन एनईएफटी बचत खात्यावर जानेवारी २०२० पासून फुकट आहे. शाखेत फॉर्म भरून केलीत तर शुल्क लागतं. रिचार्जच्या वेळी काही पेमेंट अ‍ॅप एक-दोन रुपये वर घेतात, मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून भरलं तर बहुधा ते लागत नाहीत. आणि यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचं पान उघडून बघा. आमच्याकडे लेकीने एका परीक्षेच्या तयारीसाठी घेतलेलं अ‍ॅप परीक्षा होऊन आठ महिने झाले तरी दर महिन्याला पैसे कापत होतं. ते तिथूनच बंद करता येतं.

सुरक्षेला लागणारा खर्च : जवळजवळ शून्य

हा भाग लिहिण्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं. गेल्या पावसाळ्यात सासूबाई फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "अगं, आपला गॅस आज रात्री बंद करणार म्हणतात, हे उघडून बघ ना." पाइप गॅसचं मागचं बिल भरलेलं नाही, खालची फाइल उघडून माहिती भरा, असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता. ती फाइल म्हणजे एपीके, एक अ‍ॅपच. ते फोनमध्ये बसलं की आलेले एसएमएस वाचतं, त्यात ओटीपी येतात, आणि खातं रिकामं होतं. मुंबईत पाइप गॅस घराघरांत असल्याने ही थाप इथे फार चालते. विजेचीही तशीच : रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा. दहिसरमध्ये वीज अदानीची असो की टाटाची, खरी थकबाकी बिलावरचा ग्राहक क्रमांक कंपनीच्या अ‍ॅपमध्ये घातला की कळते. मेसेजमधल्या नंबरवर फोन करायची गरजच नाही.

यावरचा उपाय फुकट आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करण्याची परवानगी शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोरची ती बंद करा. मी सासूबाईंच्या फोनवर केलं तेव्हा पाच मिनिटं लागली.

पैसे देऊन अँटिव्हायरस घ्यावा का, असं इमारतीत मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं. क्विक हील ही आपल्या पुण्याची कंपनी, कैलास आणि संजय काटकर या भावांनी संगणक दुरुस्तीच्या कामातून उभी केलेली, तिचा मला अभिमान आहे. ज्यांच्या दुकानाचे हिशेब संगणकावर आहेत, दिवसभर पेन ड्राइव्ह येतात-जातात, त्यांनी जरूर घ्यावा. घरच्या विंडोजमध्ये मात्र मुळातच संरक्षण असतं, ते बहुतेकांना पुरतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ती उणीव कोणताही अँटिव्हायरस भरून काढत नाही. त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका. बँकेचं पान उघडताना पत्ता डॉट बँक डॉट इन असा संपतो का ते पाहा. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तिकडे जायला सांगितलं होतं.

फोनवरून विकल्या जाणाऱ्या 'कार्ड संरक्षण' योजना मी घेत नाही. कार्ड बंद करणं, परदेशी व्यवहार बंद ठेवणं, दिवसाची मर्यादा कमी करणं, हे सगळं बँकेच्या अ‍ॅपवर फुकट होतं. आम्ही यूपीआयला वेगळं खातं जोडलंय आणि त्यात आठवड्याच्या भाजीपाल्यापुरते पैसे ठेवतो. मुदत ठेवी आणि पगार दुसऱ्या खात्यात, ते कोणत्याही पेमेंट अ‍ॅपला जोडलेलं नाही. पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीच नाही, हे घरातल्या प्रत्येकाकडून मी वदवून घेतलं.

दहिसरहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांनी फोन चोरीचा विचार आधीच करून ठेवावा. सिमला पिन लावा, म्हणजे चोराने ते दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालणार नाही. *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवा. फोन गेला तर पोलिसांत नोंद करून सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो फोन बंद करता येतो. तिथेच आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत तेही दिसतं. आमच्या शेजारच्या काकांच्या नावावर दोन अनोळखी नंबर निघाले. त्याच नंबरचं नवं सिम घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, ओटीपी येत नाहीत. त्या एका दिवसापुरती रोकड घरात असू द्या. जुना नंबर सोडून देत असाल तर आधी बँकेतला आणि आधारमधला नंबर बदला, कारण काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. आधारवरचा मोबाइल बदलण्याचे ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहेत.

आणि 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं भासवून अटकेचा धाक दाखवायचा आणि पैसे उकळायचे. दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका बाईंकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात वीस कोटींहून जास्त रुपये याच धाकाने काढून घेतले गेले. त्या शिकलेल्या नव्हत्या म्हणून नव्हे, एकट्या पडल्या म्हणून फसल्या असाव्यात, असं मला वाटतं. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. आमच्याकडे आता असा फोन आला की सासूबाई तो ठेवतात आणि मला हाक मारतात.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० ला, दुसरा बँकेला. पैसे पुढच्या खात्यात थांबवायचे तर मिनिटं मोजकी असतात. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार लिहा आणि तिचा क्रमांक जपा. लाजेने कुणी चार दिवस गप्प बसू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात कळवण्याच्या दिवसांवर बरंच काही ठरतं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला काही सोसावं लागत नाही. चूक दोघांचीही नसेल, तिसरीकडेच असेल, तर कामाच्या तीन दिवसांत कळवल्यास शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास नेहमीच्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून अर्ध्या तासाचा उशीरही महाग पडतो.

फसवणूक नव्हे, नुसताच व्यवहार अडकला असेल तर घाबरू नका. खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर माणसाला पाठवलेले यूपीआयचे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत परत यायला हवेत. एटीएममधून नोटा न येता रक्कम कापली गेली तरी पाच दिवस. त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई बँकेने आपणहून द्यायची असते, सप्टेंबर २०१९ चा तसा नियम आहे. आमच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्या दादांना हे सांगितलं. त्यांनी शाखेत जाऊन लेखी मागितले आणि त्यांना नऊ दिवसांचे नऊशे मिळाले.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. बँकेला दिलेल्या पहिल्या अर्जावर मात्र तारखेचा शिक्का मारून घ्या, तीस दिवस त्या तारखेपासून मोजतात.