इंजिनाचा पाया : चढावरचा दाब आणि उतारावरची ओढ



आपल्या प्रयोगशाळेत टेबलावर सध्या एक वाकून तुटलेला पोलादी दांडा ठेवला आहे. तो एका पालकांच्या पिकअप गाडीचा कनेक्टिंग रॉड आहे. संत्र्याच्या हंगामात गाडीने जास्त ओढावे म्हणून त्यांनी टर्बोचा दाब आणि डिझेलचा पुरवठा वाढवून घेतला होता. सौंसरहून भरून निघालेली गाडी सिल्लेवानीचा घाट झपाट्याने चढू लागली, तेव्हा घरात सर्वांना आनंद झाला. काही आठवड्यांनी रिकामी गाडी घाट उतरत असताना चुकून खालचा गिअर पडला. इंजिन किंचाळले आणि हा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण उरलेला हंगाम गाडी उभी राहिली आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

भरलेल्या गाडीत चढावर टिकलेला रॉड रिकाम्या गाडीत, उतारावर का तुटला? याचे उत्तर आज आपण पाहू.

दोन प्रकारचे बळ

पिस्टन, रॉड, क्रँक, त्यांची बेअरिंगे आणि क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या मेन कॅप हा इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे त्याचा पाया होय.

पहिले बळ दाबाचे. टर्बो जास्त हवा भरतो, जास्त इंधन जळते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. ७५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर असते. जळताना दर चौरस सेंटिमीटरला ६० किलो दाब असेल, तर रॉडवर २६४० किलो भार येतो. टर्बोमुळे तोच दाब १०० किलो झाला, तर भार ४४०० किलो होतो. या बळाने रॉड वाकू पाहतो आणि बेअरिंग चिरडले जाते.

दुसरे बळ ओढीचे. वर आलेला पिस्टन थांबवून पुन्हा खाली आणायचा असतो. त्याच्या जडत्वामुळे तो रॉडला वर ओढतो. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पिस्टन आणि त्याच्यासोबत वरखाली होणारे भाग मिळून अर्धा किलो, स्ट्रोक ८० मिलिमीटर आणि रॉड १४० मिलिमीटर धरून आम्ही हिशेब केला. मिनिटाला ३००० फेऱ्यांना ओढ सुमारे २६० किलो आली, ६००० फेऱ्यांना सुमारे १०३५ किलो आणि ७५०० फेऱ्यांना सुमारे १६०० किलो. ही ओढ रॉडच्या खालच्या टोकाचे बोल्ट सहन करतात.

आता कोडे सुटते. वाढवलेल्या दाबाने चढावर बेअरिंग झिजले आणि रॉड थोडा वाकला. उतारावर खालचा गिअर पडताच चाकांनी इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवले. अशा वेळी इंधन तोडूनही उपयोग नसतो, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असते. आधीच दुखावलेला रॉड त्या ओढीने तुटला. हल्ली आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या टर्बो पेट्रोल मोटारी ६००० फेऱ्यांपर्यंत जातात. त्यांत दाब आणि ओढ दोन्ही मोठी असतात, म्हणून त्यांचा पाया दोन्हींसाठी बांधावा लागतो.

पाया मजबूत कसा करतात?

१. क्रँक : ओतीव क्रँकऐवजी घडीव पोलादाचा वापरतात. तापलेले पोलाद साच्यात ठोकले की त्याचे तंतू लाकडाच्या रेषांप्रमाणे आकाराबरोबर वळतात. पुण्यात १९६१ साली स्थापन झालेली भारत फोर्ज ही कंपनी असे क्रँक घडवते. क्रँकच्या कोपऱ्यांना गोलाई ठेवलेली असते, कारण तडा तीक्ष्ण कोपऱ्यातून सुरू होतो. क्रँक ग्राइंडिंग करताना ही गोलाई गेली, तर नवा क्रँकही टिकत नाही.

२. रॉड आणि बोल्ट : रॉड घडीव असावा आणि बोल्ट उच्च प्रतीचे असावेत. ते टॉर्क पान्याने, ठरलेल्या मापानेच आवळावेत. काही बोल्ट आवळतानाच कायमचे ताणले जातात. ते दुसऱ्यांदा वापरू नयेत.

३. मेन कॅप : पोलादी कॅप आणि जास्त बोल्ट लावतात. काही इंजिनांत सर्व कॅप एकाच चौकटीत जोडलेल्या असतात, त्यामुळे क्रँक लचकत नाही. कॅप बदलल्यास सर्व भोके एका रेषेत आणण्यासाठी लाईन बोरिंग करावेच लागते.

४. तेल : ५० मिलिमीटरच्या जर्नलभोवती साधारण ०.०५ मिलिमीटर फट असते. क्रँक धातूवर नव्हे, या फटीतल्या तेलावर तरंगतो. म्हणून योग्य प्रतीचे तेल, चांगला पंप, वळणावर तेल एका बाजूला जाऊ नये म्हणून चेंबरमध्ये आडपडदे आणि गरज पडल्यास ऑईल कूलर हवा.

५. वजन : पिस्टन आणि रॉड वजन करून सारखे करतात. पिस्टन हलका केला की ओढ तेवढ्याच प्रमाणात कमी होते.

पालकांना विनंती

पाया तोच ठेवून केवळ टर्बोचा दाब वाढवणे म्हणजे जुन्या भिंतींवर दुसरा मजला चढवणे होय. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे फेरबदल गाडीत करता येत नाहीत. घाट उतरताना योग्य गिअर आधीच टाकावा आणि तेल वेळेवर बदलावे. एवढ्याने पुष्कळ इंजिने वाचतात.

गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी टॉर्क पाना आणि मायक्रोमीटर हाताळायला शिकावे, असे आम्हांला मनापासून वाटते. अंदाजाने आवळलेला एक बोल्ट एका कुटुंबाचा हंगाम बुडवू शकतो.

स्वाध्याय

१. ३००० फेऱ्यांना ओढ २६० किलो असेल, तर ४५०० फेऱ्यांना किती?
२. पिस्टनचा व्यास ८० मिलिमीटर आणि दाब १०० किलो असल्यास रॉडवर भार किती?
३. प्रयोगशाळेतील रॉड पाहा. तो कोठे वाकला आहे आणि कोठे तुटला आहे? दोन्हींची कारणे वहीत लिहा.